टॉलिव्हर घाट उघडा आहे

सरकारशी भांडायला बाहेरची वकील आणायची, असा ठराव बर्नी इतुरालदेनं मांडला, तेव्हा बेल फोर्कच्या सरकारी इस्पितळाच्या कँटीनमध्ये सगळ्यात आधी तोंड उघडलं ते लाइल हॅस्केटनं. लाइल इस्पितळाच्या मंडळावर होता, एरवी ट्रॅक्टर विकायचा. दुसऱ्याच्या खिशातला पैसासुद्धा जपून वापरणारा माणूस.

"बाहेरची म्हणजे कुठली?"

"बाल्टिमोरची."

"बाल्टिमोर! अगं, देशाच्या पार त्या टोकाला? आणि आपला घरचा वकील काय वाईट आहे? फुकट आहे. इथंच बसलाय."

सगळ्यांनी ऑरिन टेटकडे पाहिलं. ऑरिन काउंटीचा वकील. कुंपणाची भांडणं, दारू पिऊन गाडी हाकणारे, कुणाचा बैल कुणाच्या शेतात शिरला, असल्या खटल्यांत त्याचे केस पिकले होते. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटानं साफ करत बसला.

बर्नीला हे ऑरिनच्या तोंडावर करायचं नव्हतं. पण पाठीमागे करणं त्याहून वाईट. ती एका बास्क मेंढपाळाची मुलगी. बाप स्पेनमधून मेंढ्यांमागे आयडाहोत आला आणि इथलाच झाला. नवरा गेल्यावर बर्नीनं मेंढ्या विकल्या, घरात करमेना म्हणून इस्पितळाच्या मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली, आणि तेव्हापासून लोक तिला निवडून देत होते. पाच जणांचं मंडळ, ती अध्यक्ष. बैठकीला ती मोठ्या पातेल्यात चोरिझो सॉसेज आणि लाल घेवड्याचं कालवण घेऊन यायची. पोट भरलेला माणूस कमी भांडतो, असा तिचा हिशेब. त्या दिवशी तो चुकला.

"ऑरिन," ती म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस."

"ते माझं मी ठरवीन."

"तू पत्रं लिहिलीस. चांगली लिहिलीस. पण काल मी सरकारच्या अपिलाच्या कचेरीत फोन केला. पोरगी मोठी गोड होती. म्हणाली, पत्रं मिळाली, फायलीला लावली. मी विचारलं, आमच्या अपिलाचं काय? तर म्हणते, कुठलं अपील? तुमचं अपील दाखलच नाही. आणि मुदत संपत आलीय."

ऑरिनचं बोट टोपीवर थांबलं.

"फेरविचाराची विनंती केली होती मी," तो हळू म्हणाला.

"विनंतीला ते अपील समजत नाहीत. वेगळी खिडकी, वेगळा कायदा. तुला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून तर ज्याला ठाऊक आहे असं माणूस हवं."

भानगड साधी होती, पण गळ्याशी आलेली. बेल फोर्कमध्ये म्हातारी माणसं फार, आणि म्हाताऱ्यांच्या उपचाराचे पैसे केंद्र सरकार मेडिकेअरमधून देतं. ज्या इस्पितळाच्या आसपास दुसरं इस्पितळच नाही, त्याला मेडिकेअर थोडा चढा दर देते. बेल फोर्क त्या चढ्या दरावर तगलं होतं. मग राज्य सरकारनं टॉलिव्हर घाट फोडून नवा रस्ता केला. तोवर ब्रॅडवेलला जायचं तर तळ्याला भला मोठा वळसा पडायचा. नव्या रस्त्यानं ब्रॅडवेल एकदम उंबऱ्यात आलं. आणि ब्रॅडवेलला मोठं इस्पितळ आहे. मेडिकेअरची बिलं तपासणाऱ्या कंत्राटदार कंपनीत कुणीतरी नकाशावर अंतर मोजलं, आणि वसंतात नोटीस आली. तुम्ही आता एकटे राहिला नाहीत. चढा दर बंद. रस्ता झाल्यापासूनच्या तीन वर्षांत जे जास्तीचं घेतलंत, तेही परत करा.

परत करायचं म्हणजे आधी बाळंतपणाचा विभाग बंद करायचा, मग रात्रपाळीचे डॉक्टर, मग दारालाच कुलूप.

"रस्ता झाला ही गोष्ट खरीच आहे ना पण?" लाइलनं विचारलं. "आपणच मागितला होता. ऑरिननं तर त्याच्यासाठी राजधानीत, बॉइसीला खेटे घातले."

हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कुणी बोलणार नव्हतं. तो रस्ता म्हणजे ऑरिनच्या आयुष्याची कमाई. आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला, लोरेटाला, अर्धांगाचा झटका आला तेव्हा तिला त्याच रस्त्यानं नेत होते.

"रस्ता झाला," बर्नी म्हणाली. "उन्हाळ्यात झाला. हिवाळ्यात तो तिथं नसतो. मतं घेऊ या?"

तीन विरुद्ध दोन. ठराव पास झाला. ऑरिन उठला, टोपी घातली.

"आण तुझी बाल्टिमोरवाली," तो दारातून म्हणाला. "बर्फ कुठल्या बाजूनं पडतो तेही तिला आधी शिकवावं लागेल."

*

बाल्टिमोरची वकील डेल्फीन रोलिन्स हिनं मुदतीच्या आत तिथल्याच अपील मंडळाकडे अपील दाखल केलं आणि ऑक्टोबरात स्वतः आली. पन्नाशीची काळी बाई, आखूड केस, चालणं भराभर. भाड्याच्या गाडीतून उतरली ती थेट बर्नीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"ब्रॅडवेलहून तुमच्या घाटातून आले," ती म्हणाली. "पाऊण तासही लागला नाही. पिवळीधमक झाडं, खाली नदी. फार सुंदर रस्ता आहे, मिसेस इतुरालदे. तुमची सगळी अडचण तीच आहे."

बर्नीनं हातातली पळी खाली ठेवली. "तुम्ही आमच्या बाजूच्या ना?"

"म्हणूनच सांगतेय. मी बरीच वर्षं पलीकडच्या बाजूला होते, मेडिकेअर खात्यातच. तुमच्यासारखी इस्पितळं यायची. कळवळून बोलायची. आम्ही ऐकून घ्यायचो आणि खटला जिंकून घरी जायचो." तिनं कालवणाचा वास घेतला. "हे काय आहे?"

"आधी बोला. मग वाढते."

रोलिन्सबाई हसली. मग तिनं नियम सांगितला. अंतर नकाशावर कमी असलं तरी चालतं, पण तीनपैकी दोन हिवाळ्यांत तो रस्ता निदान महिनाभर तरी जाण्यायेण्याला बंद असला पाहिजे. कंपनीनं रस्ते खात्याकडून माहिती मागवली होती. खातं म्हणतं, घाटाचं फाटक सबंध हिवाळ्यात मोजकेच दिवस पूर्ण बंद होतं. बाकीचे दिवस रस्ता उघडा.

"उघडा!" बर्नी ओरडलीच. "सकाळी एकदा, दुपारी एकदा बर्फ ढकलणारी गाडी पुढे निघते, तिच्या ढुंगणामागे रांग लावून जायचं. चुकली की बसा. वारा सुटला की तीही निघत नाही. याला उघडा म्हणतात?"

"रस्ते खातं म्हणतं. फाटकाजवळच्या विजेच्या पाटीवर तसं लिहिलेलं असतं. म्हणून आपल्याला असं सिद्ध करायचं आहे की जो रस्ता दिवसातून दोनदाच उघडतो, तो आजारी माणसाला बंदच आहे. कायद्यात हे कुणी सरळ लिहून ठेवलेलं नाही. हरूही शकतो. मला अशी माणसं हवीत जी तिथं अडकली. सांगोवांगी नको. स्वतः अडकलेली."

दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये माणसं येऊ लागली. रक्त घेऊन जाताना अडकलेला ड्रायव्हर आला. पाय मोडलेला लाकूडतोड्या आला. एका बाईनं सांगितलं की तिचा मुलगा घाटाच्या पायथ्याशी, रांगेत उभ्या गाडीतच जन्मला, आणि मागच्या गाडीतला जनावरांचा डॉक्टर मदतीला आला. रोलिन्सबाई सगळ्यांना पाणी देत होती, खोलात शिरून विचारत होती. संध्याकाळी मात्र ती कपाळ चोळत बसली.

"चांगलं आहे. पण पलीकडचा वकील म्हणेल, मूल जन्मलं, पाय जुळला, रक्त पोचलं. मग बिघडलं काय?" तिनं बर्नीकडे पाहिलं. "इथं कुणी असं आहे का, ज्याचं बिघडलं?"

बर्नी पातेलं घासत राहिली. घासून झालेलं पातेलं.

*

ऑरिनच्या घरी जायला तिनं दोन आठवडे लावले. तोवर तो तिला रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावायचा आणि पलीकडच्या फुटपाथवर जायचा. चाळीस वर्षांची ओळख. पत्त्यांच्या मुस खेळात ते कायमचे जोडीदार.

दार त्यानंच उघडलं.

"वकीलबाईनं पाठवलं का तुला?"

"मला कोण पाठवणार? माझी मी आलेय. आत घेतोस की इथंच भांडायचं?"

आत लोरेटा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित. ती पूर्वी पोस्टाच्या खिडकीवर असायची. तिकीट घ्यायला गेलेला माणूस अर्ध्या गावाच्या बातम्या घेऊन परतायचा, इतकी बोलायची. आता एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा यायचा. बर्नी येते तेव्हा ती डाव्या हातानं तिचा गाल दाबायची. आजही दाबला.

"मला ठाऊक आहे तू का आलीस," ऑरिन उभ्यानंच म्हणाला. "माझं उत्तर नाही असं आहे. माझ्या बायकोला मी प्रदर्शनात मांडणार नाही. तिची लाळ गळते, शब्द सापडत नाही, ते तिथं बसून कोट घातलेल्या लोकांनी बघायचं? आणि ती वकीलबाई टिपून घेणार?"

"मी अजून काही मागितलंच नाही."

"मागणार होतीस."

"हो, मागणार होते."

"आणि मी काय सांगायचं तिथं? हा रस्ता माझ्या काउंटीला हवा म्हणून मी पायताणं झिजवली, तो रस्ता खोटा आहे असं?"

"तसं कुणी म्हणत नाही. रस्ता चांगला आहे. हिवाळा वाईट आहे."

"शब्दांचा खेळ नको करूस, बर्नी. तू माझं काम काढून घेतलंस. सगळ्यांसमोर. आता घरातलंही हवंय तुला."

हे लागलं. बर्नीला राग आला आणि त्या रागानं डोळ्यांत पाणी आलं, म्हणून जास्तच राग आला. "काम काढून घेतलं, कारण मुदत निघून चालली होती! तू मित्र आहेस म्हणून गप्प बसले असते तर आज इस्पितळ बुडालं असतं. मग लोरेटाचं पुढचं औषधपाणी कुठं केलं असतंस? तिला झटका आला तेव्हा जीव कुठं वाचला? आपल्याच इस्पितळात ना? पुढची शस्त्रक्रिया ब्रॅडवेलला व्हायची होती, वेळेत पोचली असती तर हा हात…"

"बास!"

"ऑ-रिन," लोरेटा म्हणाली.

दोघं थांबले. ती बोलायला लागली की थांबावंच लागायचं. तिनं श्वास घेतला, ओठ जुळवले.

"मला… विचार."

ऑरिन तिच्यापाशी गुडघ्यावर बसला. "अगं, पार बाल्टिमोर. विमान. अनोळखी माणसं. ते तुला वाटेल ते विचारतील."

"विचारू… दे." तिनं डावा हात उचलून दाराकडे केला. "मी… जाते. तू… हवं तर… ये."

बर्नीला हसू फुटलं. आधी तिला, मग लोरेटाला. तिचं अर्धंच तोंड हसलं, पण खणखणीत. ऑरिन जमिनीवर बसून दोघींकडे बघत राहिला.

"दोन बायका," तो शेवटी म्हणाला. "एक धड बोलत नाही, दुसरी धड गप्प बसत नाही. माझं काय चालणार."

*

अपील मंडळानं पडद्यावरून साक्ष द्यायची सोय देऊ केली होती. रोलिन्सबाईनं विचारलं तेव्हा बर्नी म्हणाली, "पडदा बंद करता येतो. माणूस समोर बसला की बंद करता येत नाही." म्हणून ते गेले. इस्पितळाची एक नर्स लोरेटाबरोबर, खर्च चर्चमधल्या बायकांनी हकलबेरी या रानफळाच्या गोड पाई विकून उभा केला. लाइल हॅस्केटनं दोन पाई घेतल्या. पैसे मोजून दिले, पण घेतल्या.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. उंच टेबलापाशी मंडळाची माणसं. मधोमध अध्यक्षबाई, चष्मा साखळीला. पलीकडच्या बाजूला तरुण वकील. नीटनेटका, सभ्य. बर्नीला त्याचा राग येईना, याचाच राग येत होता.

त्यानं बर्नीला बोलावलं तेव्हा तिच्यासमोर एक फोटो ठेवला.

"मॅडम, हे टॉलिव्हर घाटाच्या रस्त्याचं उद्घाटन. फीत धरून हसताय त्या तुम्हीच ना?"

"मीच."

"या रस्त्यानं बेल फोर्क जगाशी जोडलं गेलं, असं तुम्ही त्या दिवशी वर्तमानपत्राला सांगितलंत."

"सांगितलं."

"मग आज तुम्ही म्हणताय की रस्ता बंद असतो?"

"साहेब, तो जुलै होता. माझ्या अंगावर बिनबाह्यांचा झगा आहे, बघा फोटोत. जुलैत सगळेच रस्ते उघडे असतात."

टेबलामागे कुणीतरी खोकल्यात हसू दडवलं. तरुण वकिलानं पान उलटलं.

"जानेवारीत आपण स्वतः या घाटातून ब्रॅडवेलला गेला आहात. पुतण्याच्या लग्नाला. खरं आहे?"

रोलिन्सबाईची पेन्सिल थांबली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बर्नीच्याही डोक्यातून गेलं होतं.

"खरं आहे," बर्नी म्हणाली. "सकाळच्या रांगेत लागले. गाडीत थर्मास होता, घोंगडी होती, खायला होतं. दुपारी पोचले. लग्न लागून गेलं होतं, केक उरला होता. मी धडधाकट होते, म्हणून मला त्याचं हसू आलं. त्या गाडीत माझ्याऐवजी कळा देणारी बाई बसवा, किंवा छातीत दुखणारा माणूस. मग मला विचारा, 'मॅडम, रस्ता उघडा होता का?'"

"माझा प्रश्न एवढाच होता की आपण पोचलात."

"पोचले. केक खायला पोचता येतं त्या रस्त्यानं."

त्यानं तिला जाऊ दिलं. बर्नी जागेवर येऊन बसली. रोलिन्सबाईनं न बघता तिचा हात दाबला, जरा जोरातच.

मग लोरेटा. ऑरिननं खुर्ची पुढे ढकलली, पण अध्यक्षबाईंनी त्याला मागे जायला सांगितलं आणि तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. रोलिन्सबाईनं हळू आवाजात विचारलं, की त्या दिवशी रुग्णवाहिका कुठं थांबली होती.

"फाटकाशी."

"रस्ता बंद होता?"

लोरेटानं मान हलवली. नाही. मग ती शब्द शोधू लागली. खोलीत सगळे थांबले. तरुण वकीलही थांबला.

"सकाळची… रांग… गेली होती. दुपारची… वारा. उशीर." तिनं डाव्या हातानं हवेत एक चौकोन काढला. "काचेतून… पाटी. दिव्यांची. मला… वाचता येत होतं. तेव्हा… अजून येत होतं." ओठाच्या कडेची लाळ तिनं स्वतः पुसली, घाई न करता, सगळ्यांच्या देखत. "लिहिलं होतं… टॉलिव्हर घाट… उघडा आहे. विझायचं. लागायचं. उघडा आहे. विझायचं. लागायचं… उघडा आहे."

"किती वेळ वाचत होतात?" रोलिन्सबाईनं विचारलं.

लोरेटानं ओठ जुळवले.

"वाचता… येईनासं… होईपर्यंत."

सरकारी वकिलाला प्रश्न विचारायचे नव्हते.

*

जेवणाच्या सुट्टीत तोच वकील त्यांच्या खोलीत आला. कुणाशी तरी फोनवर बोलून आला होता. त्यानं टेबलावर कागद ठेवला. पुढच्या वर्षापासून चढा दर परत चालू. गेल्या तीन वर्षांचं मात्र इस्पितळानं सोडून द्यायचं. आणि एक वाक्य कबूल करायचं, की त्या तीन हिवाळ्यांत टॉलिव्हर घाटाचा रस्ता जाण्यायेण्यासारखा होता.

तो बाहेर गेल्यावर रोलिन्सबाई म्हणाली, "तुमची वकील म्हणून सांगणं माझं कर्तव्य आहे. घ्या. पुढचं सुरक्षित होतंय. मंडळ काय ठरवेल सांगता येत नाही. आणि जिंकलो तरी वरचा अधिकारी निकाल फिरवू शकतो. मी पाहिलंय."

बर्नीनं कागद हातात घेतला. बाळंतपणाचा विभाग डोळ्यांसमोर आला, त्यातल्या नर्सा, ज्यांना तिनं सांगितलं होतं की नोकरी जाणार नाही. तिच्या हट्टापायी ते सगळं पणाला लावायचा तिला काय हक्क? हे वाक्य म्हणजे काय, शाईच तर आहे. ती सही करायला निघालीही असती.

"बघू," ऑरिन म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातून कागद घेतला. चष्मा लावला. काउंटीचा वकील म्हणून त्याचीही सही लागणारच होती. त्यानं तो कागद, कुंपणाचा करार वाचावा तसा, ओळीवर बोट ठेवून वाचला. मग खिशातलं पेन काढलं.

बर्नीला वाटलं, तो सही करतोय. तिला सुटल्यासारखं झालं आणि लाजही वाटली.

ऑरिननं ते एक वाक्य आडव्या रेघेनं खोडलं. वर, मोकळ्या जागेत, ठळक अक्षरांत लिहिलं: 'त्या तीन हिवाळ्यांत टॉलिव्हर घाट आजारी माणसाला बंद होता.' खाली सही ठोकली आणि कागद रोलिन्सबाईपुढे सरकवला.

"हे त्यांना मान्य असेल तर आम्हाला करार मान्य," तो म्हणाला.

"ते मान्य करणार नाहीत, मिस्टर टेट."

"ठाऊक आहे मला. मी वकील आहे."

"अरे, पण विचार केलास का?" बर्नी म्हणाली. आपण हे बोलतोय यावर तिचाच विश्वास बसेना. "हातात येतंय ते…"

"तो रस्ता मी आणला," ऑरिन म्हणाला. "त्याच्याबद्दल खोटं बोलायचा हक्क कुणाला असलाच तर तो मला आहे, आणि मी बोलणार नाही. उद्या त्या वाक्याच्या जोरावर ते पलीकडच्या काउंटीचं इस्पितळ बंद करतील. त्यांच्या घाटातही पाटी लावतील." तो लोरेटाकडे वळला. "बरोबर ना?"

लोरेटा सँडविच खात होती. तिनं तोंडातला घास संपवला.

"फाड," ती म्हणाली. हा शब्द तिला एका फटक्यात सापडला.

फाडायची गरज पडली नाही. तरुण वकिलानं खोडलेला कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "तुमच्या गावाला शुभेच्छा." मनापासून म्हटल्यासारखं वाटलं. बर्नी म्हणाली, "गावाला नकोत, हिवाळ्याला द्या."

*

अपील मंडळाचा निकाल वसंतात आला. तीनपैकी दोन हिवाळे त्यांनी मान्य केले, आणि नियमाला तेवढे पुरेसे होते. जो रस्ता रुग्णवाहिकेला हवा तेव्हा मिळत नाही, तो त्या दिवसापुरता बंदच धरला पाहिजे, असं लिहिलं होतं. बेल फोर्कमध्ये गाड्यांचे भोंगे वाजले, बारवाल्यानं पिकॉन पंच ही बास्क लोकांची दारू फुकट पाजली. आणि लोकांची नशा उतरेपर्यंत दुसरा कागद आला. रोलिन्सबाई म्हणाली होती तसंच झालं. मेडिकेअर खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्यानं निकाल फिरवला होता. पाटीवर उघडा म्हणजे उघडा.

बर्नीनं त्याच आठवड्यात बैठक बोलावली. आता केंद्राच्या कोर्टात जावं लागणार होतं, म्हणजे आणखी खर्च, आणखी हिवाळे. ती भाषणाची तयारी करून आली होती. तिला बोलूच दिलं नाही.

"मी सांगतो," लाइल हॅस्केट उठून म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद होता. "मी या भानगडीच्या विरुद्ध होतो. अजूनही वाटतं, त्या बाल्टिमोरवालीचा दर जास्त आहे. पण माणसं त्या पोरीला, लोरेटाला, तिथंवर घेऊन गेली, तीन शहाण्यांनी ऐकून घेतलं, न्याय दिला, आणि एक माणूस खुर्चीत बसून म्हणतो नाही? कोण लागून गेला तो? माझा हात वर आहे. मोजा."

पाचच्या पाच हात वर गेले.

बॉइसीतल्या त्या केंद्राच्या कोर्टात बाहेरच्या वकिलाबरोबर इथला एक वकील लागतो, असा तिथला दंडक. रोलिन्सबाईनं दुसऱ्या कुणाचं नाव सुचवण्याआधीच ऑरिननं नवा सूट शिवायला टाकला होता. बाह्या जरा लांब झाल्या. न्यायाधीशासमोर तो फार बोलला नाही. बोलायचं काम तिचं, कागद वेळेत दाखल करायचं त्याचं. एकाही तारखेला त्यानं चूक होऊ दिली नाही.

त्यातही एक सबंध हिवाळा गेला. रोलिन्सबाईनं कोर्टाकडून वसुलीला स्थगिती मिळवली होती, पण नवं यंत्र घेता आलं नाही, दोन डॉक्टर कंटाळून सोडून गेले. बर्नीनं घरोघर जाऊन ज्या शिव्या खाल्ल्या त्या खाल्ल्या. उसासे मात्र कुणाला टाकू दिले नाहीत. बाळंतपणाचा विभाग एक दिवसही बंद झाला नाही. त्या हिवाळ्यात तिथं जन्मलेल्या एका मुलीचं नाव तिच्या आईबापांनी डेल्फीन ठेवलं, तेव्हा लाइल म्हणाला, "बरं झालं, बिलात तेवढी तरी सूट मिळेल."

सूट मिळाली नाही. पण न्यायाधीशानं वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम रद्द केला आणि मंडळाचा निकाल कायम केला. चढा दर परत आला, तिन्ही वर्षांची वसुली रद्द झाली.

निकालाचा फोन आला तेव्हा बर्नी आणि ऑरिन टेटांच्या स्वयंपाकघरात, या वेळी एकमेकांविरुद्ध, मुस खेळत होते. लोरेटा ऑरिनच्या पाठीमागे बसून बर्नीला त्याची पानं डोळ्यांनी सांगत होती. ऑरिननं फोन ऐकला, खाली ठेवला, चष्मा पुसला.

"जिंकलो," तो म्हणाला.

"पूर्ण?"

"पूर्ण. रोलिन्सबाई म्हणतेय, ते अजून वर जाऊ शकतात."

बर्नीनं हातातली पानं टेबलावर पालथी ठेवली. तिला रडायचं होतं, तेही जोरात. पण त्यासाठी आधी उठून दार लावावं लागलं असतं. तिनं डोळे मनगटानं पुसले.

"जाऊ देत की," ती म्हणाली. "आपल्याला कुठं जायचंय. पानं वाट."